मीटरमधली लाईट लागते, जाते, परत लागते : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत बरीच पत्रं एकाच दुखण्याची आहेत. गाडी नीट चालतेय, आवाज नाही, ओढ कमी नाही, पण मीटरमध्ये कसलीतरी लाईट मधूनच लागते आणि मेकॅनिककडे नेली की गायब होते. म्हणून हा अंक त्याच विषयाला दिलाय. पहिलं पत्र जरा सविस्तर घेतलंय कारण त्यात सगळं आलंय, बाकीची थोडक्यात.

प्रश्न : काका नमस्कार, माझी गाडी २०२१ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, टॉप मॉडेल, सहा एअरबॅगवाली, ४६,००० किलोमीटर झालंय. मी जुळे सोलापुरात राहते आणि नोकरीसाठी रोज मोहोळला जाऊन येऊन करते. गेल्या चार महिन्यांपासून एअरबॅगची लाल लाईट मधूनच लागते. कधी आठ-आठ दिवस काही नाही, कधी एकाच दिवसात दोनदा. गाडी बंद करून चालू केली की कधी जाते कधी नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर आपोआप गेलेली असते. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवली, दोन्ही वेळा तिथं पोचेपर्यंत लाईट गायब, त्यांनी स्कॅनर लावून आत नोंदला गेलेला बिघाडाचा कोड उडवला, गाडी धुवून दिली आणि बिल दिलं. तिसऱ्या वेळी म्हणाले मॉड्यूल (एअरबॅग सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) बदलावं लागेल, ३५,००० च्या आसपास खर्च येईल. शेजारचे दादा म्हणतात गाडी चालतेय ना, मग त्या लाईटवर काळी टेप लावा आणि विसरा. हॉर्न वाजतो, स्टिअरिंगवरची बटणं पण चालतात. एक बारीक गोष्ट म्हणजे मला वाटतंय रविवारी जास्त वेळा लागते, पण ते माझ्या मनाचे खेळ पण असतील. रविवारी आम्ही सासूबाईंना घेऊन अक्कलकोटला जातो, त्या पुढच्या सीटवर बसतात. मी नक्की काय करू?
— एक वाचिका, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, तुम्ही जी गोष्ट भीत भीत शेवटी लिहिलीत तीच या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि ते मनाचे खेळ नाहीत. मी एक विचारतो, सासूबाई बसायच्या आधी तुम्ही ती सीट मागं सरकवता का? गुडघे दुखणारं माणूस पुढं बसायचं म्हटलं की आपण सीट पार मागं घेतो, पाठ थोडी पाडतो, आणि सोमवारी परत पुढं ओढतो कारण मागं मुलांना दप्तर घेऊन बसायचं असतं. तुमच्याकडं असं होत असेल तर माझा पहिला संशय त्या सीटखालच्या वायरिंगवर आहे, मॉड्यूलवर नाही.

कसं ते सांगतो. तुमच्या मॉडेलला पुढच्या दोन्ही सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला, साईड एअरबॅग असते. त्या बॅगची वायर सीटच्या आतनं खाली येते आणि सीटखाली एका कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडायच्या प्लगमध्ये, गाडीच्या मेन वायरिंगला जुळते. कपलर पिवळ्या रंगाचा असतो, एअरबॅगचं वायरिंग ओळखू यावं म्हणून तो रंग ठेवलेला असतो. आता सीट पुढं-मागं होते पण गाडीची फ्लोअर काही हलत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी सीट सरकवली की ती वायर वाकते, ताणली जाते, परत सैल होते आणि त्या ओढाताणीत कपलरच्या आतल्या पिना एकमेकींवर बारीक घासतात. पिनांवर धातूचा पातळ मुलामा असतो, तो घासला गेला की काळी भुकटी होते आणि ती भुकटी करंट नीट जाऊ देत नाही. आपले वायरिंगवाले याला कार्बन धरला म्हणतात.

आता एअरबॅगचं मॉड्यूल काय करत असतं बघा. गाडी चालू असेपर्यंत ते प्रत्येक बॅगच्या सर्किटचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, मोजत असतं. बॅग फोडणारी जी कांडी असते तिचा रेझिस्टन्स अगदी कमी, साधारण दोन ओहम. त्यात एखादी पिन मळकी झाली आणि दोनाचे चार-पाच ओहम झाले तरी मॉड्यूलच्या लेखी ते सर्किट बिघडलं, ते लगेच लाईट लावतं आणि आतमध्ये कोड लिहून ठेवतं. तुम्ही सीट हलवली, पिन परत नीट टेकली की आकडा जागेवर येतो आणि काही गाड्यांत पुढच्या वेळी स्टार्ट केल्यावर लाईट आपोआप जाते. म्हणून सर्व्हिस सेंटरला पोचेपर्यंत सगळं ठीक झालेलं असतं. आणि म्हणूनच नुसता कपलर काढून परत लावला तरी पंधरा दिवस-महिना गाडी शहाण्यासारखी वागते, कारण काढताना-लावताना पिना पुसल्या जातात, आणि मग परत तेच.

या लाईटला सगळे 'खोटी लाईट' म्हणतात आणि पत्रात नाही म्हटलं तरी तुमच्या मनात पण तेच आहे असं वाटलं, म्हणून हे जरा जोर देऊन सांगतो. बॅग चांगली आहे, मॉड्यूल चांगलं आहे, या अर्थानं लाईट खोटी असेल. पण ज्या क्षणी ती लागलीय त्या क्षणी मॉड्यूल आणि बॅग यांच्यातला रस्ता खराब आहे हे शंभर टक्के खरं आहे, आणि नेमकं तेव्हाच काही झालं तर बॅग उघडेल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. काही गाड्यांत तेवढं एक सर्किट बाजूला पडतं, काहींत सगळी सिस्टीमच बंद होते. ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असेल ते वाचा. तोपर्यंत लाईट लागलेली असेल त्या दिवशी सासूबाईंना मागच्या सीटवर बसवा, बेल्ट लावून, आणि अक्कलकोट रोडला स्पीड आवरता ठेवा.

आता करायचं काय. पहिलं काम म्हणजे एक छोटी वही गाडीत ठेवा. फोनमध्ये पण चालेल पण वही बरी, घरातलं दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर त्यालाही लिहिता येतं. लाईट लागली की तारीख, वेळ, कुठं होता, गाडी सुरू केल्यावर किती वेळानं लागली, ऊन होतं का पाऊस, शेजारी कोण बसलं होतं, सीट पुढं होती का मागं, त्या दोन दिवसांत गाडी धुतली होती का, एवढं लिहायचं. आणि लाईट लागली नाही त्या दिवशी पण 'नाही' म्हणून लिहायचं, हे लोक विसरतात. नुसत्या लागल्याच्या दिवसांची नोंद असली की सगळ्याच गोष्टींवर संशय येतो. दोन-तीन आठवड्यांत चित्र उभं राहतं आणि मेकॅनिकचे चार तास वाचतात, म्हणजे तुमचे पैसे वाचतात. शिवाय लाईट लागलेली असताना मीटरचा व्हिडिओ काढून ठेवा म्हणजे 'आमच्याकडं तर लागली नाही' हे वाक्य ऐकावं लागत नाही.

दुसरं, घरच्या घरी बघता येण्यासारखं. गाडी बंद असताना टॉर्च घेऊन सीटखाली वाका. पाण्याची बाटली, छत्री, मुलांची खेळणी, काही वायरीत अडकलंय का बघा. छत्रीचा दांडा सीटच्या रेलमध्ये घुसून वायर ओढत बसलाय असं मी एकापेक्षा जास्त गाड्यांत बघितलंय. कार्पेटवर हात दाबून बघा, ओलं लागतंय का. एसीचं पाणी खाली जायची नळी धुळीनं बंद झाली की ते पाणी पुढच्या सीटच्या पायाशी जमतं आणि तिथनं सीटखाली सरकतं. आपल्याकडं उन्हाळा कोरडा असतो तेव्हा हे लवकर लक्षात येत नाही, पावसाळ्यात हवेत ओल वाढली की एकदम बाहेर येतं. तुम्ही लिहिलंय की दोन्ही वेळा गाडी धुवून मिळाली, तर आतनं पण पाणी मारलं होतं का ते आठवून बघा. आणि उंदीर! घराजवळ ज्वारीची पोती, कडबा असलं काही असेल तर उंदीर गाडीत शिरतातच आणि वायरीचं प्लास्टिक कुरतडतात. कुरतडलेले बारीक तुकडे, लेंड्या दिसल्या तर आधी त्याचा बंदोबस्त.

मग एक साधी चाचणी. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा, इंजिन चालू ठेवा आणि ती शेजारची रिकामी सीट हळूहळू पूर्ण मागं न्या, परत पूर्ण पुढं आणा, असं आठ-दहा वेळा, नजर मीटरवर. पाठ पण खाली-वर करा. एखाद्या ठराविक जागी लाईट लागली तर चोर सापडला असं समजा. लागली नाही तरी सीट निर्दोष असं मात्र ठरत नाही, वही चालू ठेवा.

पण ताई, एवढ्यावर थांबायचं. त्या पिवळ्या कपलरला तुम्ही स्वतः हात लावायचा नाही, आणि शेजारच्या दादांना पण लावू द्यायचा नाही. बॅगच्या आत दारूगोळाच असतो हो, तो करंटनं पेटतो. चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडं न्या आणि तो काय करतो ते उभं राहून बघा. त्यानं चावी बंद करून बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं पाहिजे आणि मग थांबलं पाहिजे, कारण बॅटरी काढली तरी मॉड्यूलच्या आत थोडा करंट साठवलेला असतो, अपघातात बॅटरीची वायर तुटली तरी बॅग उघडावी म्हणून तशी सोय असते. किती थांबायचं ते प्रत्येक कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलंय, एक मिनिटापासून पुढं, मी स्वतः दहा मिनिटं थांबतो. मगच कपलर उघडायचा. बॅगच्या बाजूच्या पिनांना साधा मल्टीमीटर लावायचा नाही, मीटर स्वतः त्यातनं करंट सोडतं. तपासायचं असेल तर बॅगच्या जागी त्यासाठीचा डमी लोड लावून तपासतात. पिना कॉन्टॅक्ट क्लिनरनं साफ करायच्या, ढिली पिन असेल तर ती बदलायची, आणि वायर अशी क्लिपमध्ये बसवायची की सीट पूर्ण मागं गेली तरी ताण येणार नाही. हे शेवटचं काम फार कमी लोक करतात आणि म्हणून दुखणं परत येतं. एअरबॅगची वायर तोडून, पीळ घालून, वरनं टेप गुंडाळणं हे तर अजिबात चालवून घेऊ नका. कुणी तसं करायला लागला तर गाडी घेऊन सरळ घरी या.

३५,००० च्या मॉड्यूलचं. मी ते बदलू नका असं म्हणत नाही, कधी कधी मॉड्यूल खरंच जातं. पण पैसे द्यायच्या आधी एक प्रश्न विचारा : 'कोड कुठला आला?' कोड हा 'बी' अक्षरापासून सुरू होणारा एक नंबर असतो आणि त्याच्यापुढं लिहिलेलं असतं कुठल्या बाजूची, कुठली बॅग, रेझिस्टन्स जास्त का कमी. त्याचा फोटो घ्या, उडवायच्या आधी! दोन्ही वेळा त्यांनी कोड उडवला म्हणजे पुरावाच पुसला. तिन्ही वेळा एकाच बॅगचं नाव येत असेल तर दोष त्या बॅगच्या रस्त्यात असायची शक्यता कितीतरी जास्त आहे, मॉड्यूल हा संशयितांच्या रांगेत शेवटचा. बाजारात जे स्वस्तातलं ब्लूटूथवालं यंत्र मिळतं ते बहुतेक करून इंजिनचेच कोड वाचतं, एअरबॅगचे नाही, त्यामुळं 'माझ्या यंत्रात काहीच दिसत नाही' म्हणून निश्चिंत होऊ नका.

हॉर्न आणि बटणं चालतात हे लिहिलंत ते फार बरं केलंत. स्टिअरिंगच्या आत एक गुंडाळलेली पट्टीची केबल असते, तिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ड्रायव्हरच्या बॅगची वायर, हॉर्न, बटणं सगळं तिच्यातनं जातं. ती गेली की बऱ्याचदा हॉर्न किंवा बटणं पण बंद पडतात आणि वळण घेताना लाईट लागते. तुमच्याकडं तसं दिसत नाही.

याच केबलवरनं मी एकदा चुकलोय ते सांगतो. एका शिक्षकांची गाडी होती, एअरबॅगची लाईट येते-जाते, मी कोड न वाचता अनुभवाच्या जोरावर क्लॉक स्प्रिंग बदलली, त्यांचे चांगले सात-आठ हजार गेले. बाराव्या दिवशी लाईट परत. मग शांतपणे बसून एकेक वायर बघितली तर डॅशच्या खाली बॉडीला जो अर्थिंगचा बोल्ट असतो तो ढिला आणि त्याच्याखाली गंज. पॉलिश पेपरनं घासून बोल्ट आवळला, संपलं. त्या केबलचे पैसे मी परत दिले पण तो माणूस बारा दिवस भरवसा नसलेली एअरबॅग घेऊन बायकामुलांसोबत फिरला हे माझ्या मनातनं गेलेलं नाही. तेव्हापासून मी आधी बॅटरी, मग अर्थिंग, मग कपलर, आणि मगच पार्ट, हा क्रम सोडत नाही. बॅटरीचं पण सांगून टाकतो, उभ्या गाडीत १२.५ व्होल्टच्या आसपास पाहिजे, आणि स्टार्टर मारताना ते ९.५ च्या खाली गेलं तर वेगवेगळ्या मॉड्यूलना झटका बसून नसते कोड येतात. सोलापूरच्या उन्हात बॅटरीचं आयुष्य कमी होतं, मे महिना पार्किंगला सावली नसताना काढलेली तीन-चार वर्षांची बॅटरी एकदा लोड लावून तपासून घेतलेली बरी.

टेपचं तर नावच काढू नका. चावी फिरवली की एअरबॅगची लाईट पाच-सहा सेकंद लागते आणि विझते, ती सिस्टीमनं स्वतःची केलेली तपासणी असते. ती रोज बघायची सवय लावा. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर हे आधी बघावं : चावी फिरवल्यावर ती लाईट लागतच नसेल तर कुणीतरी तिच्याशी खेळ केलाय. अपघातात बॅग उघडून गेलेल्या गाडीत नवीन बॅग न टाकता तेवढ्याच ओहमचा रेझिस्टर लावून मॉड्यूलला फसवणारे पण आहेत, तिथं लाईट अगदी नियमात लागते आणि विझते, आत बॅगच नसते. म्हणून जुन्या गाडीत लाईटच्या जोडीला स्टिअरिंगचं कव्हर, डॅशचा सांधा, बेल्टवरची तारीख हे पण तपासून घ्यायचं.

आणि अजून एक, हे विचारलेलं नाही तरी सांगतो. आपल्याकडं सीटवर चादर टाकायची पद्धत आहे, सोलापुरात तर असणारच, घरोघरी चादरी. बसायच्या भागावर घडी करून टाकली तर हरकत नाही. पण पाठीला दोन्ही बाजूंनी गुंडाळून खाली गाठ मारली किंवा जाड रेक्झिनचं कव्हर ताणून चढवलं तर साईड एअरबॅगची शिवण त्याच्याखाली दबते आणि बॅगला बाहेर यायला वाट राहत नाही. सीटच्या कडेला एअरबॅग लिहिलेली छोटी चिठ्ठी शिवलेली असते, ती झाकली जाता कामा नये.

हे उत्तर छापायला जायच्या आधी ताईंशी दोनदा फोनवर बोलणं झालं ते पण देतो. त्यांनी तीन आठवडे वही लिहिली. लाईट सात वेळा लागली, त्यातल्या सहा वेळा त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी सीट मागं सरकवलेली होती. चौथ्या रविवारी त्या वही घेऊनच वायरिंगवाल्याकडं गेल्या, त्यानं बघितलं तर सीटखालची क्लिप तुटलेली, कपलर लोंबकळत होता आणि वायर रेलला घासून वरचं आवरण झिजलेलं. पिना साफ केल्या, नवीन क्लिप टाकली, वायरला थोडी ढील दिली, वरनं आवरण घातलं. त्यानंतर पाच आठवडे झाले, चार वेळा अक्कलकोट झालं, लाईट नाही. मी त्यांना म्हटलं एक पावसाळा जाऊ द्या, मगच वही बंद करा.

प्रश्न : सर, माझ्या गाडीची एबीएसची पिवळी लाईट लागायलीय. ३०-४० च्या स्पीडला लागते, बंद करून चालू केली की जाते, परत थोडं पळवलं की लागते. महिन्यापूर्वी पुढच्या डाव्या चाकाचं बेरिंग बदललं, आवाज गेला पण ही नवीन पीडा सुरू झाली. गॅरेजवाले म्हणतात दोन्हीचा काही संबंध नाही, सेन्सर खराब आहे, नवीन टाका.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : दादा, संबंध आहे. एबीएस म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जॅम होऊ न देणारी सिस्टीम, ती प्रत्येक चाकाचा स्पीड बघत असते. सेन्सर घ्यायच्या आधी ते बेरिंग बघा. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत चाकाचा स्पीड मोजायला दातेरी रिंग नसते, बेरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडं तोंड करून बसवावी लागते. डोळ्यांनी दोन्ही बाजू जवळपास सारख्याच दिसतात, घाईत उलटं दाबलं गेलं की बेरिंग म्हणून ते झकास चालतं, आवाज येत नाही, पण सेन्सरला काही दिसतच नाही. गाडी थोडा स्पीड घेते, मॉड्यूल बघतं की तीन चाकं फिरताहेत आणि चौथं शून्यावर, मग लाईट लागते. तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे. स्कॅनरवर चारही चाकांचा स्पीड एकदम बघा, सरळ रस्त्यावर सावकाश चालवून. डाव्या चाकाचा आकडा शून्यच राहिला तर बेरिंग उलटं आहे किंवा बसवताना ती पट्टी खराब झालीय किंवा सेन्सरची वायर दुखावलीय. आकडा येतोय पण मध्येच तुटतोय असं असेल तर सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा चुरा चिकटलाय का बघून तो पुसा. एकदा दाबून काढलेलं बेरिंग परत वापरत नाहीत, नवीन टाकावं लागेल, आणि ज्यानं उलटं बसवलं त्यानं ते त्याच्या खर्चानं बदलून दिलं पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

तोपर्यंत गाडी चालवता येईल, साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात दाबला तर चाकं जॅम होऊन गाडी घसरू शकते, पावसात खास जपा. पण पिवळ्या लाईटच्या सोबत ब्रेकची लाल लाईट पण लागली तर मात्र पुढं नेऊ नका.

प्रश्न : टायरच्या हवेची वॉर्निंग जानेवारीत रोज सकाळी लागायची, दुपारी गायब. गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले होते तेव्हा तर रोजच. पंक्चरवाल्याला तीनदा दाखवलं, पंक्चर नाही. आता उन्हाळ्यात लागत नाही. सेन्सर बदलू का?
— एक वाचक, होटगी रोड

उत्तर : बदलू नका. तुम्ही हवा बहुतेक दुपारी, गाडी पळवून आल्यावर भरत असणार. गरम टायरमध्ये भरलेली ३२ ही थंड टायरची ३२ नसते. हायवेनं आल्यावर टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसते, आणि तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की एक पीएसआय कमी होते. म्हणजे पुण्याहून आल्या आल्या गरम टायरमध्ये ३२ करून घेतली तर सकाळी १५-१६ अंशाला ती २५-२६ वर येणार, आणि बऱ्याच गाड्यांत ठरलेल्या हवेपेक्षा वीस ते पंचवीस टक्के कमी झाली की लाईट लागते. लाईट बरोबर होती, हवा खरंच कमी होती. सकाळी गाडी हलवायच्या आधी, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आतला पंप गाठून, दाराच्या चौकटीवर जो आकडा लिहिलाय तेवढी भरा. आणि उन्हाळ्यात टायर तापलेला असताना आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडायची नाही. चावी दिल्यावर लाईट मिनिटभर लुकलुक करून मग स्थिर राहत असेल तर मात्र बऱ्याच गाड्यांत तो सेन्सरचाच दोष असतो, चाकातल्या सेन्सरची बॅटरी पाच-दहा वर्षांत संपते.

प्रश्न : डिझेल गाडी आहे, १,८०,००० किलोमीटर. सिग्नलला उभं राहिलं की ऑईलची लाल लाईट लुकलुकते, ॲक्सिलेटर दिला की जाते. थंड गाडीत लागत नाही, तासभर चालवल्यावरच लागते. मेकॅनिक म्हणाला सेन्सर खोटं दाखवतो, त्याचा कपलर काढून टाकतो. काढू का? रोज टेंभुर्णीपर्यंत जावं लागतं.
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : काढू नका, आणि हे वाचल्यावर गाडी बाहेर काढू नका. वर मी एवढा वेळ वही लिहा, वाट बघा असं सांगतोय ते या लाईटला लागू नाही. ऑईल प्रेशरची लाईट एकदा जरी खरी असली तरी मिनिटा-दोन मिनिटांत इंजिनची बेरिंगं जातात आणि मग खर्च लाखाच्या घरात. तुमची लक्षणं तर खऱ्या कमी प्रेशरसारखीच आहेत : गरम झाल्यावर ऑईल पातळ होतं, इंजिन मंद फिरत असताना पंप कमी ढकलतो, तेव्हा लुकलुक होते. सपाट जागेवर गाडी उभी करून दहा मिनिटांनी पट्टी काढून लेव्हल बघा. कमी असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच ऑईल घाला आणि ते कुठं गेलं ते शोधा. लेव्हल बरोबर असेल तर मेकॅनिकला घरी बोलवा, त्याला ऑईल प्रेशरचा स्विच (तो ज्याला सेन्सर म्हणतोय तोच) काढून तिथं काट्याचं गेज लावायला सांगा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि आयडलला (ॲक्सिलेटर न देता) किती आणि २,००० आरपीएमला किती हे दोन आकडे घ्या, गेजचा काटा पडायला लागला तर लगेच बंद करायचं. आकडे तुमच्या मॅन्युअलप्रमाणे भरले तर स्विच खोटा, तो फारसा महाग नसतो, बदलून टाका. कमी भरले तर ऑईलच्या चाळणीपासून पंपापर्यंत आणि बेरिंगपर्यंत बघावं लागेल. तोपर्यंत टेंभुर्णीला एसटीनं जा, आणि ते दोन आकडे मला लिहून पाठवा, पुढचं त्यावर सांगतो.